समोर कोण होतं?

मी कधी हातात ग्लोव्हज घातलेले नाहीत. परदेशातली मोठी लढत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. जे पाहिलं ते सगळं फोनवर, तेही बरंचसं दुसऱ्याच्या. तरी जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांविषयी लिहायला बसलोय, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. लिहिण्याचीही सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं वाचून चुका दाखवील असं घरी कुणी नाही. ज्यांना या खेळातलं खरं कळतं त्यांनी सांभाळून घ्यावं. त्या विजेत्यांची नावं मी लिहिणार नाही. आमच्या घरी त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखतच नव्हतं. एक होता ‘नाचरा’, एक ‘न हरलेला’, एक ‘पहिल्या फेरीवाला’ आणि आत्ताचे ते उंच उंच लोक, ते सगळे मिळून ‘ताडमाड’. ही नावं आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी ठेवलेली.

आम्ही कामशेतजवळच्या बेडशाचे. माझी धाकटी बहीण लहानपणापासून अंगानं थोराड. शाळेत तिला गोळाफेकीला उभं करायचे आणि वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत. दहावीनंतर तिला कळलं की देहूरोडला एक निवृत्त सुभेदार बॉक्सिंग शिकवतात, मुलींनाही. तिनं हट्ट केला नाही की रडली नाही, फक्त रोज विचारत राहिली. शेवटी आबा म्हणाले, भाऊ संगं जाणार असंल तर जा. म्हणून मी गेलो. कामशेतपर्यंत मोटारसायकल, पुढं लोकल. तिच्या सरावाच्या वेळी मी नुसता बसून असायचो, ते सरांना बघवलं नाही. त्यांनी माझ्या हातात घड्याळ दिलं आणि फेरी संपली की घंटा वाजवायचं काम लावलं. माझा बॉक्सिंगशी संबंध तेवढाच.

सर देहूरोडचेच. फौजेत असताना ते स्वतः खेळलेले. सराव संपल्यावर ते फोनवर जुन्या लढती दाखवायचे, काळ्या-पांढऱ्या. त्यांचा जीव नाचऱ्यावर. तो एवढा अवजड माणूस पायांच्या बोटांवर कसा फिरतो, ते ते उठून स्वतः करून दाखवायचे आणि मग गुडघा धरून बसायचे. मला संख्याशास्त्र विषय होता. मी सगळ्या विजेत्यांची उंची, वजन, हाताची लांबी, किती जिंकले, किती जणांना आडवं केलं, असा एक मोठा तक्ता कॉम्प्युटरवर केला. वाटलं, आकडे मांडले की सगळ्यात मोठा कोण ते आपोआप वर येईल. वर आला न हरलेला. सरांनी तक्ता पाहिला, म्हणाले, “छान केलायस रे,” आणि पुन्हा नाचऱ्याची लढत लावली.

त्या वर्षी बहीण पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली. सगळ्यात वरच्या वजनगटात. वजन झालं, तपासणी झाली, आणि मग कळलं की त्या गटात दुसरी मुलगीच नाही. तिला ग्लोव्हज, हेडगार्ड घालून रिंगमध्ये बोलावलं. समोरचा कोपरा रिकामा. पंचांनी तिचा हात वर केला आणि ती खाली उतरली. सुवर्णपदक. हेडगार्ड बांधायला जास्त वेळ लागला असेल.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जत्रेत कुस्त्या होतात, त्याआधी जोड लावतात. दोन पैलवानांचे हात धरून पंच त्यांना आखाड्यात फिरवतात. वय, अंग, उंची लोक डोळ्यांनी जोखतात. कुणी ओरडतं, “जोड न्हाई! ह्यो हलका हाय!” मग दुसरा बघतात. क्वचित असा एखादा येतो की त्याला जोडच मिळत नाही. तो एकटाच शड्डू ठोकत आखाड्याला फेरी मारतो. त्याला नारळ देतात, फेटा बांधतात, आणि त्याचा मान कुस्ती मारणाऱ्यापेक्षा जास्त, कारण त्याच्या अंगावर यायला कुणी धजलं नाही. आबांना तरुणपणी असा फेटा मिळालेला. तो आजही पत्र्याच्या पेटीत आहे.

त्यामुळे बहिणीच्या गटात कुणी नव्हतं ही गोष्ट गावानं आपल्या पद्धतीनं घेतली. फाट्यावर फ्लेक्स लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून तिला बसवलं, पुढं हलगी, गुलाल. आमच्या शेजारचे एक भाऊ ट्रॉलीच्या कडेला धरून सगळ्यांना सांगत होते, “निस्ती हुबी ऱ्हायली! हुबी ऱ्हायली आन् बाकीच्या पळाल्या!”

एका मावशीनं ओवाळताना विचारलं, “किती जनींना मारलंस गं?”

“कुनालाच न्हाई, मावशी.”

“बघा! मारायची येळच आली न्हाई!”

बहीण हसली. मी जवळून पाहत होतो. ती हसली, पण पदक तिनं ओढणीखाली घेतलं.

पुढच्या वर्षीही तेच झालं. रिकामा कोपरा, वर केलेला हात, पदक. राज्यस्पर्धेलाही तिच्या गटात ऐनवेळी दोघींनी माघार घेतली, आणि तिला तिथूनही न खेळता पदक मिळालं. यावेळी फ्लेक्स आणखी मोठा लागला. तिच्या शेजारी कुणीतरी वाघाचं तोंड छापलं होतं.

त्याच आठवड्यात सर आमच्याकडे जेवायला आले. आबा त्यांना सुभेदार म्हणतात, ते आबांना भाऊ. इंद्रायणीचा भात, मटण, आणि जेवणानंतर अंगणात खाटेवर फोन. विषय नेहमीचाच.

आबा म्हणाले, “सुभेदार, तुमचा नाचऱ्या हरलाय का न्हाई कदी?”

“हरलाय की. बऱ्याचदा.”

“आन् ह्यो न हरलेला?”

“नाही हरला.”

“मंग झालं! आखाड्यातनं न हरता भाईर आला, त्यो मोठा. हितं काय गनित हाय? आमच्या पोरानं बी त्येच काढलं.”

“भाऊ, तुमचा पोरगा आकडे मोजतो. लढत आकड्यांची नसते.” सरांनी फोन उलटा ठेवला. “न हरलेला चांगलाच होता, मी कुठं नाही म्हणतो? पण त्याच्या वेळेला आघाडीचे एक तर म्हातारे झालेले, नाहीतर कच्चे. नाचऱ्याच्या वेळेला एकापेक्षा एक राक्षस. तो त्यांच्याकडून मार खाऊन उठला, परत गेला, परत भिडला. म्हणून मी म्हणतो, किती जिंकला ते नंतर. समोर कोण होतं ते आधी बघा.”

“आन् ह्ये ताडमाड? ह्यांच्यापुढं तुमचा नाचऱ्या खांद्याला बी लागायचा न्हाई.”

“लागायचाही नाही कदाचित. कुणाला ठाऊक? त्यांची जोड लावायला तुम्ही काळ कुठून आणणार?”

आबा मोठ्यानं हसले. ताटं उचलायला बहीण बाहेर आली होती. ती तिथंच थांबली.

“सर,” ती म्हणाली, “मग माझ्या समोर कोण होतं?”

सरांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“दोन वर्षं झाली. मी कुनाची बुक्की खाल्ली न्हाई. सरावात पोरं हळू मारतात, मला कळतं ते. मी चांगली हाय का वाईट, मला म्हायतीच न्हाई. पुढच्या साली राज्याला कुनी आलं न्हाई तर मी ग्लोव्हज परत करनार. नवलाख उंबऱ्याला पॅकिंगच्या कंपनीत पोरी घेतायत, तिकडं जाईन. तितं निदान काम तरी खरं असंल.”

आबा म्हणतील, तीन सुवर्णं घेतलेली पोरगी पॅकिंगला जाणार? मला तसं वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. बराच वेळ त्यांनी खाटेची सुतळी नखानं उकरली. मग म्हणाले, “माझा त्यो फेटा. त्या साली भारी पैलवान समदे दुसऱ्या जत्रंला गेलतं. हितं कुनी ऱ्हायलंच नव्हतं.”

हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. सर हळूच म्हणाले, “फेटा तुमचाच, भाऊ.” आबा म्हणाले, “व्हय, पर लढलो आस्तो तर बरं झालं आस्तं,” आणि उठून गोठ्याकडं गेले.

यंदाची राज्यस्पर्धा लांब, विदर्भात होती. माझी परीक्षा चालू होती, शिवाय शनिवार-रविवार मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काम करतो, त्यामुळे मला जाता आलं नाही. सर तिला आणि आणखी तीन मुलांना घेऊन गेले. पहिल्या दिवशी सरांचा निरोप आला की वजन झालंय, तिच्या गटात आणखी दोन नावं आहेत. पण नावं याआधीही असायची. रिंगमध्ये माणूस येईपर्यंत नावाला अर्थ नसतो, हे आम्ही शिकलो होतो.

लढत रविवारी होती. सुट्टीचा दिवस, दुकानात उभं राहायला जागा नाही. मी शेंगदाण्याची, तिळाची, राजगिऱ्याची अशी मोजून देत होतो आणि मध्येच काउंटरखाली फोन बघत होतो. मालकांनी एकदा पाहिलं आणि गल्ल्याकडं वळले. दुपारी बघतो तर आबा दुकानासमोर उभे. घरी बसवेना म्हणून मोटारसायकल काढून आलेले. मी त्यांना आतलं स्टूल दिलं. गिऱ्हाइकांना वाटलं ते मालक, एक बाई त्यांनाच चॉकलेट-फजचा भाव विचारत होत्या.

“आला का फोन?”

“नाही.”

“सुभेदाराला लाव.”

“बंद आहे.”

“बंद कसा? एवढं मानूस मिलिट्रीतलं आन् फोनला चार्जिंग न्हाई?”

थोड्या वेळानं परत तेच. वाट पाहताना मी मनात तोच जुना हिशेब करत होतो, की नाचरा आणि ताडमाड समोरासमोर आले असते तर काय झालं असतं. खरं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की त्या सगळ्यांना निदान कुणीतरी मारलेलं होतं, आणि माझ्या बहिणीला अजून कुणी नाही. आपल्या बहिणीला मार बसावा अशी इच्छा करणारा भाऊ मी दुसरा पाहिलेला नाही. आबांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. राजगिऱ्याच्या वडीचा एकच तुकडा ते कितीतरी वेळ हातात धरून होते.

फोन आला तेव्हा गर्दी जरा ओसरली होती. नंबर अनोळखी, पण आवाज तिचा. नाक चोंदल्यासारखा.

“दादा, सरांचा फोन मेलाय. मी तिच्या फोनवरनं बोलतेय.”

“कुणाच्या?”

“जिच्याशी खेळले तिच्या. दादा, ती आली. रिंगमध्ये आली!” आणि मग एका दमात, “मी हरले. तिन्ही फेऱ्या खेळले आणि हरले. पहिलीत तर मला काही दिसलंच नाही, नाकातनं रक्त आलं. दुसरीत पडले. आठ मोजेपर्यंत उठले. तिसरीत माझा उजवा लागला तिला, चांगला लागला, ती मागं गेली. तिसरी फेरी पंचांनी मला दिली.”

आबांनी फोन ओढून घेतला. “लागलं का गं लय?”

तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आबा नुसते ऐकत होते, व्हय, व्हय करत. मग त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं. बहिणीच्या मागून दुसऱ्या एका मुलीचा आवाज येत होता, हसरा, दमलेला. ती म्हणत होती की काकांना सांग, पुढच्या वर्षी पण मी याच गटात आहे, आणि तू डावा हात वर ठेवायला शीक.