साडूभाऊंची अर्धी शिवी

आमच्या सौंसरच्या साडूभाऊंइतका आजारांचा दुश्मन उभ्या तालुक्यात नसेल, आणि आजार ओळखण्यात त्यांच्याइतका अडाणीही नसेल. ताप नाही तर आजार नाही, एवढंच त्यांचं वैद्यक. भेटेल त्याच्या कपाळाला उलटा हात लावून ते निकाल देणार. पांढुर्ण्याच्या बसमध्ये कंडक्टरला लावून झाला, एका लग्नात तर अक्षता टाकता टाकता नवरीलाही. "थंडी हाय पोरगी, घाला हार!"

आणि तोंड? राम राम! त्यांची शिवी समोरच्याच्या आज्यापासून निघायची ती थेट त्याच्या गाडीच्या टायरपर्यंत, एका दमात. मी शाळामास्तर, माझे कान लाल व्हायचे. पण एवढं लांब वाक्य न अडखळता पुरं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

साडूभाऊंना सांधेवाताच्या गोळ्या देताना नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. साधा खोकला आला तरी या." हिवाळ्यात खोकला आलाच. साडूभाऊंनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. "ताप कुठी हाय बे मास्तर? संत्र्याचा तोडा चालू हाय, अन् तू मले दवाखान्यात धाडून राहिला!"

मग एक दिवस त्यांच्या बागेत संत्री तोडताना व्यापाऱ्याच्या माणसानं झाडाची फांदी मोडली. साडूभाऊ सरसावले, त्याच्या आज्यापासून निघाले आणि मध्येच थांबून मटकन खाली बसले. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, धावत आली. "भाऊजी, गाडी काढा! यायनं शिवी अर्धी सोडली!"

नागपूरला कळलं, न्यूमोनियानं एक फुफ्फुस जवळजवळ भरलं होतं. "ताप कसा येणार?" डॉक्टर चिडलेच. "जंतूंशी झुंजताना शरीर तापतं. यांची झुंजायची ताकदच गोळ्यांनी दाबलेली. आतल्या आत रान मोकळं मिळालं जंतूंना." साडूभाऊ ऑक्सिजन लावून गप्प पडलेले. त्यांना असं गप्प बघवेना हो! मी कधी देवापुढे हात न जोडणारा, पण जामसांवलीच्या मारुतीला म्हणालो, बाबा रे, या माणसाची शिवी तेवढी परत दे.

दिली त्यानं. घरी आल्यावर मी त्यांना थर्मामीटर आणि बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र भेट दिलं. साडूभाऊंनी माझ्या आज्यापासून सुरुवात केली. माझे डोळे भरून आले.

आता टायरपर्यंत जाताना त्यांना मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबावं लागतं. तेवढा वेळ मी उभा राहतो.