वजाभाऊंचं माप

वजाभाऊ माझ्या वडिलांच्या तेराव्याला आले, सतरंजीवर बसले, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भिंत ओळंब्यात नाई." नागभीडचं ते घर वडिलांनी रोज उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. आई तिथेच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. वजाभाऊंनी चहा संपवला, "खालून बरी हाये, वरतून झुकली," एवढं सांगितलं आणि उठले. त्यांच्या परीने ते समाचाराला येऊन गेले होते. पुढे मी ओळंबा लावून पाहिला. भिंत वरतून झुकली होतीच.

आम्ही दोघं चंद्रपूरच्या एका कचेरीत कामाला होतो. ते क्वांटिटी सर्व्हेयर, गावोगावच्या गवंड्यांच्या भाषेत मापवाले साहेब. बांधकामात किती वीट, किती काँक्रीट, किती लोखंड लागलं ते जागेवर मोजायचं आणि मापवहीत लिहायचं, हे काम त्यांनी तीसपेक्षा जास्त वर्षं केलं. भिंतीचं माप घेताना दारं-खिडक्या वजा करतात. बाकीचे आधी भिंत मोजत आणि मग वजाबाकी करत. हे आधी भोकं मोजत. नाव त्यावरून पडलं. माणसांनाही तेच लागू होतं. कचेरीत नवीन कोणी आलं की त्याला काय येत नाही, ते पहिल्या दिवशीच मोजून व्हायचं.

माझा पहिला दिवस असाच गेला. त्यांनी मला एक टेप दिली आणि गोदामाची खोली मोजायला सांगितली. मी मोजली. "चूक," ते म्हणाले. पुन्हा मोजली. चूक. दुपारपर्यंत नऊ वेळा मोजली आणि नऊही वेळा आकडा तोच आला. कचेरीतले लोक दाराशी येऊन हसून जात होते. शेवटी मी रडकुंडीला आल्यावर त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. पहिले चार सेंटिमीटर तुटलेले होते. "टेप पायली का वं तू? मंग भिंत काऊन मोजून राह्यली?" टेप त्यांनी मुद्दाम तुटकी निवडली होती. त्यानंतर आजवर मी टोक पाहिल्याशिवाय टेप उलगडलेली नाही.

त्या काळात बाईमाणसाला जंगलातल्या साइटवर न्यायला कोणी तयार नसे. वजाभाऊंनी नेलं. कचेरीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हिला कशाला? तर माझ्यासमोरच म्हणाले, "टेपाचं टोक धराले कोनीबी चालते. दगडबी चालते." मी सँडल घालून आले, तर मला गाडीतून उतरवून बाजारात पाठवलं आणि पुरुषी बूट घ्यायला लावले. "साप बाई पाहून डसत नाई." पण गवतातून चालताना ते नेहमी पुढे असत, आणि खोदलेल्या चरीत आधी ते उतरत. 

त्यांचा सोमाजी मिस्त्रीवर विशेष जोर. सोमाजी कुरखेड्याकडचा गोंड गवंडी, हाताने दगड निवडणारा. एकदा वजाभाऊ पोचायच्या आधी त्याने पाया बुजवला, कारण आभाळ भरून आलं होतं. "किती खोल हाये?" "साहेब, नकाशापेक्षा अर्धा हात जास्तच गेलो. माती खराब होती." "उकर." मे महिना होता. सोमाजीने आणि त्याच्या बायकोने दिवसभर उकरलं. खोली अर्धा हात जास्तच निघाली. वजाभाऊंनी ती लिहिली, वही मिटली आणि म्हणाले, "बुजव आता." मी सोमाजीपाशी जाऊन काहीतरी गुळमुळीत बोलले. तो पाणी पीत म्हणाला, "मानूस खराब हाये, बाई. पन माप खरं लिहिते. दुसरे तर खरं माप असून बी कमी लिहितेत."

मग त्यांच्या डोळ्यांत साखर उतरली, नजर अधू होत गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कुरखेड्याच्या पुढे मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू होतं, तिथलं माप त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे एकाने लिहिलेलं माप दुसऱ्याने तपासायचं असतं. तपासणी माझ्याकडे आली. आठ खांबांचं लोखंड बांधून उभं होतं आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होतं. खांबाच्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा असतात. त्या दर पंधरा सेंटिमीटरवर हव्यात, नाहीतर खांब कच्चा राहतो. मापवहीत पंधरा लिहिलं होतं, आठही खांबांना. मी टेप लावली. बावीस. रिंगा कमी पडल्या म्हणून लोखंड बांधणाऱ्यांनी अंतर वाढवलं होतं. वजाभाऊंनी नकाशावरून माप उतरवून घेतलं होतं.

मी कागदावर लिहून काढलं. एक, मधल्या रिंगा आजच भरून घेतल्या तर वही आपोआप खरी होईल आणि कोणाला कळणार नाही. दोन, त्यांना एकट्याला गाठून सांगता येईल. तीन, कचेरीला कळवलं तर त्यांचं साइटवर येणं बंद होईल, आणि त्यांना दुसरं काही नव्हतं. चार, पुढच्या साइटवर मी नसेन. तिथेही कोणाची तरी पोरं झोपतील. चौथ्यापुढे पहिलं टिकलं नाही. दुसरं टिकत होतं. ते मी केलं नाही.

वजाभाऊ, सोमाजी आणि कामावरची सगळी टोळी खांबांपाशी उभी होती. मी टेप खांबाला लावली आणि अंगठा आकड्याशेजारी ठेवला. "भाऊ, हे अंतर वाचा."

"लिहिलं हाये नं."

"लिहिलेलं नाही विचारत. टेपवरचं सांगा."

त्यांनी मान पुढे नेली, मग मागे घेतली. टेप उजेडाकडे वळवली. "पंधरा."

कोणी हसलं नाही. सोमाजी म्हणाला, "भाऊ, उनात दिसत नसन."

"तू चूप राय." मग मला, "किती हाये?"

"बावीस."

"किती खांबांत?"

"आठही."

मापवहीत चूक पुसायची नसते. एक रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे खालचं वाचता येतं. त्यांची रेघ नोंदीच्या बरीच खालून गेली. तेव्हा वही मी घेतली, रेघ मारली आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवून दाखवलं. त्यांनी केली. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मग मी कचेरीला फोन लावला. ते तिथेच विटांवर बसून ऐकत होते. उद्यापासून येऊ नका, असा निरोप मीच त्यांना दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरखेड्याच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेले. पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. एक गाडी लागली. त्यांनी पाटीकडे तोंड केलं, मग शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या बाईला विचारलं, "बाई, हे चंद्रपूरची का?"

"मले वाचता येत नाई, भाऊ. ह्या बाईले इचारा नं."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. ते पाटीकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "हीच आहे, भाऊ. चढा."

ते बाकावर बसून राहिले. कंडक्टरने घंटा मारली, गाडी वळून निघून गेली. "दुसरी येईन," ते त्या बाईला म्हणाले.

दुसरी अडीच तासांनी होती. मी त्या बाईला वेळ सांगितली, यांना चढवून द्या म्हटलं, आणि साइटवर गेले. रिंगा भरायचं काम चालू होतं आणि मोजायला आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं.