नावेची पिन

दत्ता गव्हाणेने तुटलेल्या पिनचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "सायेब, हिच्यात काय खोट हुती का?"

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमचा सुपरवायझर होतो. दत्ता चिखलीचा, आमच्याकडे फिटर. आधी लष्करात होता. तिथे शर्यतीची नाव वल्हवायला शिकला आणि देशाकडून दोनदा परदेशातल्या शर्यतीत उतरला. एकट्याने दोन वल्ह्यांची नाव चालवायचा. सकाळी दापोडीला नदीवर सराव, मग जनरल शिफ्ट.

पिन म्हणजे नावेच्या बाजूला उभी बसवलेली बोटभर जाडीची सळई. वल्हं तिच्याभोवती फिरतं, सगळा जोर तिच्यावर येतो. जुनी झिजली होती आणि रविवारी देशाच्या संघाची निवड चाचणी होती.

"बाहेर करायची तर आठवडा लागंल," तो शुक्रवारी म्हणाला.

मी म्हटलं, "माप दे."

टूलरूममध्ये खासगी कामं सगळेच करायचे. कुणाच्या स्टोव्हचं, कुणाच्या सायकलचं. कार्ड नाही, नोंद नाही. पिन मी स्वतः लेथवर काढली, भट्टीत लाल केली, तेलात बुडवली. याला हार्डनिंग म्हणतात. पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा कमी आचेवर तास-दोन तास तापवायचं. ते टेम्परिंग. तेवढ्यात वर्क्स मॅनेजर राउंडला आल्याचं कळलं. एका शर्यतीपुरती टिकेल, असं म्हणून मी पिन टेम्परिंग न करताच फडक्यात गुंडाळून दत्ताला दिली.

रविवारी निम्म्या अंतरावर तो पुढे होता. तिथेच पिन तुटली आणि नाव उलटली.

तुकडे पाहताच मला कळलं. चिवट पोलाद आधी वाकतं. हे सरळ तुटलं होतं, आतले दाणे साखरेसारखे चकाकत होते.

"पंच काय म्हणाले?"

"पिन मुळातच खराब हुती असं बनवणाऱ्यानं लिहून दिलं तर परत चाचणी घेत्यात. न्हाईतर चूक माझी."

लिहून द्यायचं म्हणजे खाली सही आणि हुद्दा. कंपनीच्या भट्टीत चोरून काम केल्याची कबुली. फोरमन म्हणून माझ्या प्रमोशनचा कागद त्याच आठवड्यात वर गेला होता.

"मटेरियल चांगलं होतं, दत्ता. झटका जास्त बसला असेल."

"बसला आसंल," म्हणत त्याने तुकडे उचलले.

संघ त्याच्याविना गेला. पुढच्या निवडीपर्यंत तो पस्तिशीला आला, कुणी बोलावलं नाही. मी फोरमन झालो.

चार वर्षांनी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. तो खाली बघत जेवत होता.

"ठावं हाय, सायेब. फिटर हाय मी. तुटल्यालं लोखंड मलाबी वाचता येतं."

"मग त्या दिवशी विचारलंस कशाला?"

"सही तुमची लागणार हुती," तो म्हणाला. "भाजी घ्या, गार व्हतीय."

मी भाजी घेतली. उशिरा दिलेल्या कबुलीचा उपयोग फक्त देणाऱ्याला होतो, असं म्हणतात. मलाही तो फारसा झाला नाही.