दार लावून केलेला भात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भात. मी स्टोव्हपाशी, बायको माझ्या पाठीमागे हात बांधून उभी. उमरोळीच्या घराचं दार मी भरदुपारी आतून कडी घालून बंद केलेलं.

ती बोईसरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होती. तिथले व्यवस्थापक थकले होते. त्यांची जागा तिला द्यायचं चाललं होतं, पण तशी जागा कुणी उचलून देत नाही. आधी वर्षभर त्यांच्या हाताखाली राबायचं. केसपेपरची खिडकी, औषधांची खोली, रोग्यांचं जेवण, चादरी धुणं, सगळं स्वतःच्या हाताने. साहेब नुसते मागे उभे. रोग्याला अपाय होणार असेल तरच तोंड उघडायचे. शेवटचे काही महिने दवाखान्यातच राहून एकटीने सगळं सांभाळायचं, मग जागा पक्की.

तिथं अडलं. आम्हाला मूलबाळ नाही. मी तारापूरच्या कारखान्यात, शिक्षण चौथी. चहासुद्धा कधी केला नव्हता.

"मी खायचं काय?"

"भात शिका. तुमाला भात आला की मी जाते."

"कारखान्यातले भय्ये करतात तसा?"

"करतात, मरत नायत."

"त्यांच्या बायका मुलखात हायत. माझी समोर उभी हाय."

"म्हणून तर शिका. फुकटचा साहेब मिळालाय."

तर त्या दुपारी तांदूळ धुतले, पाणी ठेवलं. ती गप्प. मी पळीने ढवळतोय तोच दारावर थाप पडली. शेजारची वयनी, विळी मागायला. मी पळी बायकोच्या हातात कोंबली, खाटेवर जाऊन बसलो आणि मोठ्याने ओरडलो, "काय गं, झाला का नाय भात?"

"होतोय. बसा," ती म्हणाली आणि दार उघडलं.

"दिवसाढवळ्या कडी?" वयनी हसली. "या वयात लाडात आलात काय?"

मीपण हसलो. वयनी विळी घेऊन गेल्यावर बायकोने पळी माझ्यापुढे धरली. "आमचे साहेब माझ्या हातातलं काम घेत नायत. धरा."

"आता झालाच हाय. तूच उतरव."

तिने उतरवला. "उद्या परत," एवढंच म्हणाली.

पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मातीला साहेब आले. सगळ्यांसमोर माझे हात धरून म्हणाले, "तुमच्यासारखा नवरा पाहिला नाही. रोज सांगायची, आमचे हे माझ्यासाठी भात शिकणार." बायका माझ्याकडे बघत होत्या. वयनीपण. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

आमच्यात मयत झालेल्या घरात तीन दिवस काही पेटवत नाहीत, शेजारी आणून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार सताड उघडलं, स्टोव्ह दारातच आणून पेटवला आणि भात ठेवला. वयनी चहा-भाकरी घेऊन आली ती तिथंच थबकली.

"भावजी, सुतक हाय! लोक काय म्हणतील? सरा, द्या ती पळी."

मी दिली नाही. "मागे उभ्या राहा, वयनी. बोलू नका."

भात खाली लागल्याचा वास यायला लागला. ती बोलली नाही.