नवख्यांसाठी राखलेलं काम

आमचं ॲप मोबाइलवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही सुधारता येतो. रविवारी त्याची स्वयंसेवक मंडळी कॉलेजच्या एका वर्गात जमली होती. ॲप साडेसातला ‘सात तीस’ म्हणत होतं. अगदी किरकोळ काम, म्हणून मी लॅपटॉप उघडला.

“काका, त्याला हात लावू नका हं,” सुखदा म्हणाली. हल्ली सगळ्यांना कामं तीच वाटून देते, एका फुकटच्या ऑनलाइन फळ्यावर. “सोपं आहे ना, म्हणून मुद्दाम नवख्यांसाठी ठेवलंय.”

पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी ते घेतलं. चष्मा वरखाली करत, चुकत, पुन्हा करत. शेवटी ॲप ‘साडेसात’ म्हणालं आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. सुखदाने तर त्यांना मिठीच मारली.

मीही टाळ्या वाजवल्या, पण आतून जळत होतो. ॲप मी सुरू केलेलं. माणसं यावीत म्हणून वर्षानुवर्षं मीच वाट पाहिली, आणि ती आली तर मला त्यांचं कौतुकही बघवेना. हेवा मानाचा नव्हताच. त्या बाईंना चुकताना बघायला इतकी माणसं होती, त्याचा होता.

माझं ॲप पहिल्यांदा ‘नमस्कार’ म्हणालं, तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. मीच हात जोडून त्याला उलट नमस्कार केला होता.