वधस्तंभावरचा खेमसिंग

खेमसिंगला येशू व्हायचं नव्हतं. पण ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पुसदच्या वाटेवर मिशनचं एक आवार होतं. छोटं प्रार्थनामंदिर, शाळा, दवाखाना आणि मागच्या अंगाला नोकरांच्या खोल्या. शेवटच्या खोलीत खेमसिंग आणि त्याची बायको लालीबाई राहत. दिवसा तो बागेला पाणी घाली, रात्री फाटक राखी.

सत्तावन्न साली विषमज्वरानं तो आपल्या लमाणांच्या तांड्यात पडून राहिला. थोरल्या भावानं, भीमसिंगनं, बैलगाडीत घालून त्याला इथल्या दवाखान्यात आणलं. एका म्हाताऱ्या नर्सनं त्याचं अंग पुसलं, चमच्याचमच्यानं पेज पाजली. परक्या माणसाचं कोणी इतकं कशाला करावं, हे त्याला कळेना. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यानं माझ्यासाठी सोसलं, म्हणून." आपल्यासाठीही कोणी सोसलं असेल तर त्याच्या बाजूनं उभं राहावं, एवढंच खेमसिंगच्या मनात आलं आणि त्यानं बाप्तिस्मा घेतला. तांड्यानं त्याचं हुक्का-पाणी बंद केलं. लालीबाईनं बाप्तिस्मा घेतला नाही, पण नवऱ्यालाही सोडलं नाही. आपली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, हातभर बांगड्या, सगळं अंगावर तसंच ठेवून ती त्या खोलीत राहायला आली.

शाळेचे याकोब मास्तर दर उत्तम शुक्रवारी प्रभूच्या मरणाचा देखावा करीत. खेमसिंग अंगानं वाळका, दाढी राखलेला. पहिल्या वर्षी मास्तरांनी त्याला वधस्तंभावर चढवलं तेव्हा त्याला धन्य वाटलं. पुढं तसं राहिलं नाही. मनगटांना आणि छातीला दोर, पाय ठेवायला कमरेएवढ्या उंचीवर फळी, पायही बांधलेले. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नसे. खाली मास्तर वाचत, की प्रभूनं आपणहून स्वतःला पित्याच्या हाती सोपवलं. खेमसिंगच्या मनात येई, त्यानं सोपवलं असेल, मले तर मास्तरनं बांधलं.

एकसष्ट साली तो धीर करून म्हणाला, "यंदा मले राहू द्या, मास्तर. खांदे उतरतात."

मास्तर हसले. "प्रभूसाठी एवढंही होत नाही तुझ्यानं? तुला खोली दिली तेव्हा आम्ही कुरकुर केली होती का?"

खोलीचं नाव निघालं की खेमसिंगला पुढं बोलता येत नसे.

"तुले नाई म्हनता येत नाई?" लालीबाईनं विचारलं.

"नाई म्हनलं तर जाचं कुठी?"



त्या शुक्रवारी दुपारी उपास सोडण्यासाठी आवारातल्या उंबराखाली वरणभाताची चूल पेटवली होती. वर फांदीला आग्या मोहोळ होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण वाऱ्यानं धूर सरळ वर जाईल हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वाचन ऐन मध्यावर आलं आणि मोहोळ उठलं.

माणसं लेकरं उचलून मंदिरात धावली. पाठोपाठ मास्तर गेले. दार लागलं.

वर खेमसिंग एकटा राहिला. पहिला दंश कानामागं, मग मानेवर, पापणीवर, ओठावर. त्यानं दोराला हिसके दिले. दोर नवा होता, तो जास्तच रुतला. त्यानं मास्तरांना हाका मारल्या. खिडकीच्या काचेमागं चेहरे दिसत होते, पण दार उघडत नव्हतं. मग त्यानं मास्तरांना शिव्या दिल्या, आणि शेवटी, ज्याच्यासाठी वर चढला होता त्यालाही दिल्या. मास्तरांनी शिकवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो नुसता "याडी, याडी" म्हणून ओरडत राहिला. त्याची आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

मग अंगातलं बळ सरलं. हात ओढायचे थांबले, मान छातीवर पडली. माश्या डसतच होत्या.

लालीबाई असला देखावा बघायला कधी येत नसे. ओरडणं ऐकून ती ओली घोंगडी डोक्यावर घेऊन विळा हातात धरून धावली. पाय, छाती, हात, एकेक दोर कापत तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि घोंगडीखाली ओढत खोलीत नेलं.

दवाखान्यात त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. सूज उतरली, पण डावा डोळा अधूच राहिला. भीमसिंग पाहायला आला तो ओसरीवरच थांबला.

"घरी चाल. पंचाईतले मी समजावतो. हे सोडलं म्हन, बस."

खेमसिंग म्हणाला, "इथी राहवत नाई, भाऊ. पन सोडलं म्हनूनबी म्हनवत नाई."

भीमसिंग पाणी न पिता परत गेला.

खेमसिंगच्या पाठीला हळद लावता लावता लालीबाईनं विचारलं, "तुह्या येशूची याडी होती का तिथी?"

"होती. खालीच उभी होती."

"मंग तिनं दोर काहून नाई कापले?"

"दोर नव्हते. खिळे होते."

तिचा हात मधेच थांबला, मग पुन्हा चालू लागला.

तो हिंडूफिरू लागल्यावर मास्तरांनी त्याला रविवारी साक्ष द्यायला उभं केलं. प्रभूनं वेदना कशी दूर केली, ते सांग म्हणाले.

"दूर नाई केली," खेमसिंग म्हणाला. "लय दुखलं. मी त्याले शिव्या देल्या. सोपवनं-बिपवनं काई झालं नाई, हात थकले म्हून थांबले. आंधी वाटे का तो वरतून पाहून राह्यला. हात थांबले तवा वाटलं, तो माह्या बाजूले टांगला हाये. त्यालेबी सुटता येत नाई. याले विश्वास म्हनतात का नाई, मले माहीत नाई."

मास्तरांनी खाली पाहत पुढचं गीत सांगितलं.

दुसऱ्या वर्षी एक तरुण शिक्षक वर चढला. दोर नुसते अडकवले होते. खेमसिंगला कोणी बोलावलं नाही, पण खोलीतून काढलंही नाही. पुढं कितीतरी वर्षं ती दोघं तिथंच राहिली. तांड्याचं दार उघडलं नाही. मास्तर भेटले की हवापाण्याचं बोलत आणि घाईनं निघून जात.

होळीच्या दिवसांत वाऱ्यावर तांड्यातली गाणी ऐकू येत. दोघं दारात बसून ऐकत. उठून जावं असं दोघांच्याही मनात येई, आणि दोघंही बसून राहत.