बारा खोल्या, दोन संडास

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या नवऱ्यानं, भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत बारा खोल्यांची दुमजली इमारत घेतली. खोल्या कामगारांना भाड्यानं द्यायच्या आणि आपण थेरगावच्या घरात निवांत म्हातारपण काढायचं, असा बेत होता.

भाडेकरू निवडायची माझी स्वतःची पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. अनोळखी माणसाला खोली द्यायचीच नाही. आधीचा चांगला भाडेकरू ज्याची हमी देईल त्यालाच घ्यायचं. मग एकानं भाऊ आणला, भावानं मेहुणा आणि मेहुण्यानं कंपनीतला मित्र. पोरं सगळी सरळ आणि कष्टाळू. तक्रार एकच होती. सगळ्यांत मिळून संडास दोन आणि मोऱ्या दोन, त्यामुळे अधूनमधून सकाळी तिथं हातघाई व्हायची. कुणाची बस चुकायची, कुणाचा खाडा पडायचा. हे बरोबर दर तिसऱ्या आठवड्याला होतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी म्हणे गणिताची शिक्षिका!

शेवटी एक भाडेकरू वैतागून खोली सोडून गेला. मी गवंडी बोलावला. त्यानं फिरून पाहिलं आणि सांगितलं, आणखी दोन संडास बांधायचे तर खालची कोपऱ्यातली खोली पाडावी लागेल, कारण ड्रेनेजचं चेंबर तिच्याच दारात आहे.

त्या खोलीत काकू राहत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण सगळे काकू म्हणत म्हणून मीही म्हणे. लातूरकडच्या. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची मुलगी. आमच्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या कामगारांना त्या डबे पुरवत, साठेक तरी. दारात नळ आणि उंबऱ्यापर्यंत गाडी येते, म्हणूनच तो धंदा चालत होता. वरच्या मजल्यावर सिलिंडर आणि साठ डबे चढवणं त्यांना जमलं नसतं. खोली गेली की धंदा गेला, हे मला कळत होतं. तरी मी जाऊन महिन्याची मुदत सांगितली. तोंडानं मी पहिल्यापासून फटकळच.

त्या रडल्या नाहीत की त्यांनी गयावया केली नाही. पोळी तव्यावरून उतरवून म्हणाल्या, “मॅडम, संडास कमी न्हाईत. समदे एकाच बसला जायलेत.”

मग त्यांनी मला आत बसवलं आणि फरशीवर डबे मांडले. प्रत्येक डब्याच्या कडीला दोरा होता. एका कंपनीच्या, एकाच वेळी शिफ्ट करणाऱ्या एका बॅचचा एक रंग. आमच्या इमारतीतले जवळजवळ सगळे लाल. पलीकडच्या गल्लीतले हिरवे. लाल पहिल्या शिफ्टला असले की हिरवे दुसऱ्या. पुढच्या आठवड्यात लाल दुसऱ्या शिफ्टला सरकतात तेव्हा हिरवे तिसऱ्या. डबे सरकवत त्यांनी मला सगळं दाखवलं. लाल आणि हिरवे कधीच एका वेळी उठत नाहीत. माझ्या पद्धतीनं मी काय केलं होतं, तर अख्खी इमारत एकाच रंगाची करून ठेवली होती.

माझा विश्वास बसेना. घरी जाऊन मी कागदावर तीन महिन्यांचे आठवडे मांडले. एकदाही गाठ पडत नव्हती. वर्गात मी पिशवीतून लाल-हिरवे चेंडू काढायला शिकवत असे. त्या चेंडूंचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

थोड्या लाल खोल्या तिकडच्या हिरव्यांशी बदलून घ्यायला काकूंनी पंधरा दिवस मागितले होते. पलीकडच्या इमारतीत हीच मारामारी होती, त्यामुळे तिथला मालक लगेच तयार झाला. पोरांना तयार केलं काकूंनी. कुणाचा गुडघा दुखतो म्हणून त्याला खालची खोली, कुणाला घोरणारा सोबती नको, कुणाला बसचा थांबा जवळ हवा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एका रविवारी पाच खोल्यांचं सामान इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं. नवे भाडेकरार आणि पोलीस पडताळणी माझ्या नवऱ्यानं केली.

लाल दोऱ्यांची पहिली शिफ्ट लागली त्या सोमवारी मी पहाटेच नवऱ्याच्या स्कूटरवरून तिथं पोचले. एक जण बाहेर यायचा, दुसरा आत जायचा, आणि मध्ये दार चक्क उघडं राहायचं. कुणी ओरडत नव्हतं. एक वीटही न रचता या बाईनं मला दोन संडास बांधून दिले होते. मला हात जोडावेसे वाटले, खरोखर वाटले.

तेवढ्यात मोरीतून काकूंची मुलगी बाहेर आली. ओले केस, अंगावर शाळेचा गणवेश. माझ्याकडे बघून लाजली आणि आत पळाली.

“सहा वर्षांत पयल्यांदा,” काकू म्हणाल्या, “पयल्या शिफ्टच्या आठवड्यात पोर आंघोळ करून शाळेला जायली.”

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, पोरांची बस चुकली तर त्यांचा दिवस बुडतो, शाळेला काय, तसंही जाता येतं. आणि त्या डबे भरायला वळल्या.

मी तिथंच पायरीवर बसले. पहिल्या तासाला मी मुलींची नखं आणि केस तपासत असे. आंघोळ न करता आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभं करत असे. त्यातल्या एकीलाही मी कधी विचारलं नव्हतं, की तुमच्याकडे सकाळी मोरी मोकळी मिळते का.